काय पडायला पाहिजे? सिडकोतल्या ताईंचे स्नो ग्लोब

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. वस्तू एकच, तळहातावर मावणारी, पण तिच्यापायी डिसेंबर ते मे असे सहा महिने गेलेत माझे आणि मधात एकदा चांगलं भांडण पण झालंय, त्यामुळं दोन ओळींत "छान आहे, नक्की घ्या" लिहून मोकळं व्हायला मन होईना. दुकानाचं नाव टाकत नाही कारण दुकानच नाहीये. संभाजीनगरात सिडकोतल्या एका रो-हाऊसच्या वरच्या खोलीत एक ताई एकट्याच हे काम करतात आणि त्यांनी बजावून सांगितलंय की नाव लिहू नको गं बाई, आहेत त्याच ऑर्डरी उरकेनात. खरंच पाहिजे असेल त्यांनी मला विचारा, मी ताईंना विचारून मंग नंबर देईन.

स्नो ग्लोब म्हणजे तोच तो काचेचा गोळा. आत पाणी, पाण्यात एखादं घर नाहीतर ख्रिसमसचं झाड, हलवला की बर्फ पडतो. लहानपणी कुणाचा तरी काका फॉरेनहून आणायचा, तो शोकेसमध्ये जायचा आणि आपल्याला कुणी हात लावू द्यायचं नाही. मला त्याचं खरं तर कधीच काही वाटलं नाही. आपल्याकडं बर्फ म्हणजे एक तर उसाच्या रसात नाहीतर काडीवर कालाखट्टा मारून. गोळा म्हटलं की परभणीच्या लेकराला तोच गोळा आठवणार, हा नाही.

तर डिसेंबरात हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं, मी गेले होते कुरड्या बघायला (माझ्या हातच्या तुटतात, जाऊ द्या तो विषय), आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हे गोळे दिसले. वीस-बावीस असतील, एकासारखा दुसरा नाही. पहिलाच बीबी का मकबरा आणि त्यावर साधा पांढरा बर्फ, तो बघून मी पुढं निघालेच होते. मग शेजारचा दिसला. पाणचक्की, तिचा हौद, हौदाकडंचं ते अवाढव्य वडाचं झाड, आणि हलवलं की वडाची पिवळी पानं पडतात, ज्वारीच्या दाण्याएवढाली, गिरक्या घेत घेत. त्याच्या बाजूला एसटी स्टँड. लाल डबा उभा, बाकड्यावर पाय वर घेऊन झोपलेला एक माणूस, आणि पडतो काय तर फुफाटा! तपकिरी अभ्रकाची पूड आहे ती. हलवून ठेवला की आधी बस दिसतच नाही, मग हळूहळू टप दिसायला लागतो, मग खिडक्या, सगळ्यात शेवटी जिंतूरची पाटी. मी तो चारदा हलवला. मागं एक बाई उभ्या होत्या त्या म्हणाल्या आता आम्हाला पण बघू द्या.

एक लातूरच्या कुणीतरी सांगून बनवून घेतलेला होता, विकायला नव्हता. त्यात रेल्वे. तुम्हाला आठवत असेल, एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या खेपेला दहा टाक्या, एकेका टाकीत 50,000 लिटर. तर त्या टाक्या, खाली रंगीबेरंगी घागरींची रांग, आणि वरून पडतात निळे थेंब. पाण्याची रेल्वे पाण्यात बुडालेली. मला आधी हसू आलं आणि मग जरा गप्पच झाले, माझी मावशी तेव्हा लातूरला होती, त्या उन्हाळ्यात तिचा रोजचा फोन पाण्यापासून सुरू होऊन पाण्यावरच संपायचा.

मी ताईंना विचारलं की हे असं काहीबाही पाडायचं कुठून सुचलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगते. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्या गोळ्यांत बर्फच टाकला होता, जसा असतो तसा. एकात एक वाडा होता, दारात तुळस, मागं हिरवं शेत. धोतर-टोपीतले एक आजोबा आले, त्यांनी तो गोळा उचलला, हलवला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बाई, गारा कामून पाडायलात हो हरभऱ्यावर?" आजूबाजूचे सगळे हसले. ताई काही हसल्या नाहीत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं आपल्याकडं उभ्या रब्बीचं काय केलं ते ज्यानं बघितलंय त्याला शेतावर पांढरं पडलेलं दाखवून "किती गोड ना" म्हणायचं म्हणजे जरा अवघडच. तो गोळा त्यांनी टेबलाखाली ठेवून दिला आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच, आत काय पाहिजे ते नंतर, आधी काय पडायला पाहिजे ते सांग.

मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडून विचार न करताच निघालं, "कापूस."

आता इथं नानांबद्दल सांगावं लागेल. नाना म्हणजे माझे वडील. मानवतला एका जिनिंगमध्ये काट्यावर 38 वर्षं होते, गाड्या तोलायच्या, पावती फाडायची, वजनावरून होणारी भांडणं मिटवायची. मानवत-सेलू म्हणजे कापसाचीच गावं, दसरा-दिवाळीपासून जे सुरू व्हायचं ते उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. जिनिंगमध्ये कापसातनं सरकी वेगळी निघते, रुई वेगळी, रुईची दाबून 170 किलोची गठाण बांधतात. पाच क्विंटल कापसाला एक गठाण हा हिशोब आमच्या घरात शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होता. पण मला आठवतं ते नानांचं रात्री घरी येणं. भुवयांवर रुई, कानाच्या पाळीवर रुई, टोपीच्या घडीत रुई, आणि आई दारातच थांबवून टॉवेलनं झटकायची, तर दिव्याच्या उजेडात ते सगळं तरंगत खाली यायचं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. बर्फ म्हणजे काय ते मला विचाराल तर ते.

फेब्रुवारीत नानांची पंचाहत्तरी होती. ताई म्हणाल्या पंधरा दिवसांत देते. (इथं लक्षात ठेवा: पंधरा दिवस.)

मग मी त्यांच्या खोलीवर चारदा जाऊन आले, त्यांना चालतं, फक्त बोलायचं नाही. एक टेबल, वाकवता येणारा दिवा, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत काय काय भरलेलं, दातांच्या डॉक्टरची जुनी हत्यारं, आणि चष्म्यावर दुसरा चष्मा लावलेल्या ताई. आतली माणसं-घरं पॉलिमर क्लेची करतात आणि घरातल्या ओटीजीत भाजतात, त्याच ओटीजीत नानकटाई पण होते असं मला वाटतंय पण मी विचारलं नाही. शाडू चालत नाही, पाण्यात दोन दिवसांत गाळ. लोखंडाची साधी तार चालत नाही, गंजते. नानांच्या चष्म्याची तार मोबाइलच्या बंद पडलेल्या चार्जरच्या वायरीतली आहे, तांब्याची, केसाएवढी.

नाना किती मोठे, तर दोन सेंटिमीटर. मी फोटो दिले होते सात-आठ. ताईंनी फोटो बघितले आणि विचारलं, "उभे राहिल्यावर त्यांचे हात कुठं असतात?" मला सांगता येईना! आपल्या बापाचे हात कुठं असतात ते मला माहीत नव्हतं. आईला फोन लावला तर ती भाजी निवडता निवडता लगेच म्हणाली, डावा मागं कमरेवर, उजव्यात पेन, आणि पेन नसला तरी बोटं पेन धरल्यासारखी. तसेच केलेत. दोन सेंटिमीटरच्या माणसाची बोटं पेन धरल्यासारखी कशी करतात ते मी समोर बसून बघितलंय आणि तरी मला कळलेलं नाही, सुईच्या टोकानं काहीतरी टोचलं आणि झालं.

खरी गंमत कापसाची. मी हट्ट धरला की खरी रुईच टाका, मी मानवतहून आणून देते. ताई नाही म्हणाल्या, मी ऐकेना, मग त्यांनी एका बरणीत पाणी घेऊन माझ्यासमोर टाकून दाखवली. दोन मिनिटं छान, मग ती भिजून एक झाली, समईतल्या वातीसारखी बुडाशी जाऊन बसली. हलवली तर वात इकडून तिकडं फिरते. शिवाय आठ दिवसांत कुजून पाणी खराब होणार ते वेगळंच. मग अंड्याची टरफलं कुटून बघितली, ती जुनी घरगुती पद्धत आहे म्हणे, पण टरफल जड, भसकन खाली येतं. चुरा पडतोय असं वाटतं, रुई नाही वाटत. शेवटी जमलं ते नायलॉननं. पांढरी नायलॉनची दोरी उकलून त्याचे तंतू मोकळे करायचे आणि कात्रीनं इतके बारीक कातरायचे की शिंकलं तर उडून जातील. नायलॉन पाण्यापेक्षा थोडंसंच जड, त्यामुळं ते रमतगमत खाली येतं. पण बाजारात नायलॉन म्हणून जी दोरी देतात ती बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनची निघते आणि ती पाण्यावर तरंगते, म्हणून ताई दुकानातच ग्लासभर पाणी मागतात, दोरीचा तुकडा टाकतात, बुडाला तरच घेतात. गुलमंडीतला तो दुकानदार आता त्यांना बघितलं की आपणहून ग्लास पुढं करतो असं त्या सांगत होत्या.

हे चालू असताना त्यांनी सांगितलं की मूळ स्नो ग्लोबची गोष्ट पण अशीच आहे, आणि ती ऐकून मला लई भारी वाटलं. व्हिएन्नात 1900 च्या सुमाराला एर्विन पेर्झी नावाचा माणूस होता, ऑपरेशनची हत्यारं दुरुस्त करायचा. तेव्हाचे विजेचे दिवे मंद, डॉक्टरांना ऑपरेशनला उजेड पुरेना, म्हणून हा बल्बसमोर पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवून बघायला लागला, चांभार लोक दिव्याचा उजेड एकवटायला पूर्वी असा गोळा ठेवायचे. उजेड आणखी वाढावा म्हणून पाण्यात काय काय टाकून बघितलं आणि त्यात एकदा टाकला रवा. हो, रवा! आपला उपम्याचा. तो पाण्यात भिजून सावकाश खाली बसायला लागला आणि त्याला वाटलं, अरे हा तर बर्फ पडतोय. मग त्यानं आत मारियात्सेलचं चर्च ठेवून पहिला गोळा केला. दिवा राहिला बाजूला. अजून तेच घराणं व्हिएन्नात गोळे बनवतं आणि त्यांचा बर्फ कशाचा ते कुणाला सांगत नाही. त्याच्या आधी 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात छत्री घेतलेल्या माणसाचे असे पेपरवेट दिसले होते, त्यामुळं एकदम पहिला तोच असंही म्हणता येत नाही, पण रव्याची गोष्ट याची.

मी घरी येऊन रवा करून बघितलाच, जॅमच्या बरणीत. पहिली पाच मिनिटं खरंच बर्फ. सकाळी लापशी. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर इडलीच्या पिठासारखा आंबूस वास, आणि सासूबाई म्हणाल्या हे काय आंबत घातलंयस.

भरायचं कसं ते पण थोडं सांगते कारण पुढं जे झालं ते त्याच्यावरच आहे. गोळे फिरोजाबादहून येतात, आठ सेंटिमीटरचे, खाली तोंड असलेले. पाणी साधं नाही, बॅटरीत टाकतात ते, आणि त्यात मेडिकलमधलं ग्लिसरीन, दहाला एक असं काहीतरी. ग्लिसरीननं पाणी दाट होतं म्हणून पडणारं सावकाश पडतं, पण जास्त झालं की तंतू एकमेकांना चिकटून वरच लोंबकळत राहतात. भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, नाहीतर नायलॉनला हवेचे बुडबुडे धरून ते वर तरंगतं. मग गोळा उलटा धरून भरायचा, रबरी बूच, त्याच्याभोवती अराल्डाइट, आणि वरून लाकडाची बैठक, ती खरादीकडून बाभळीची करून घेतात. आणि मुद्दाम थोडी हवा ठेवायची. माझ्या भावानं पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया हीच, बुडबुडा आहे, डिफेक्टिव्ह पीस दिला तुला. डिफेक्ट नाहीये तो. गोळ्यात पावणेतीनशे मिलीच्या आसपास पाणी, ते 25 अंशाला भरलं आणि आपल्या मे महिन्यात 43 अंशाला गेलं की दीड-दोन मिली फुगतं, आणि काच तेवढी फुगत नाही, मग ते जाणार कुठं, बूच ढकलून बाहेर. भरताना बोराएवढा असलेला बुडबुडा उन्हाळ्यात हरभऱ्याएवढा होतो. थंड देशातल्या लोकांना असला विचार करावा लागत नसेल.

आता तक्रारी. पंधरा दिवसांचे झाले दोन महिन्यांच्या वर. पंचाहत्तरी होऊन गेली, पेढे वाटून झाले, औक्षण झालं, आणि मी नानांना "गिफ्ट येतंय" सांगत बसले. ताईंचा फोन लागतो पण उचलत नाहीत, हातात गोंद असतो म्हणे. असेल, पण दिवसभर गोंद असतो का कुणाच्या हातात? दोन ओळींचा मेसेज टाकायला काय होतं?

मार्चमध्ये मिळाला. मी स्वतः मांडीवर घेऊन गेले मानवतला, कुरिअरच्या भरवशावर नाही सोडला. नानांनी खोका उघडला, चष्मा पुसला, गोळा उजेडाकडं धरला. आत जिनिंगचं आवार, पत्र्याचं शेड, काटा, कापसानं शीग लावलेली बैलगाडी, आणि काट्याजवळ ते. पाण्यामुळं गोळा भिंगासारखा होतो ना, त्यामुळं दोन सेंटिमीटरचे नाना आत दांडगे दिसतात, शेडएवढे. मी म्हटलं हलवा. हलवला. रुई उडाली आणि उतरायला लागली, शेडवर, बैलांच्या पाठीवर, टोपीवर. नाना काही बोलेनात. आई पदर डोळ्याला लावायच्या तयारीत. मग नाना म्हणाले, "एवढी रुई उडाली असती तर शेठनं आम्हाला घरी पाठवलं असतं."

आणि परत बघितलं आणि म्हणाले, "बाई, गाडीच्या जूला शिवळा नाहीत. बैल मान काढून जातील की."

मी बघितलं तर खरंच. बैल आहेत, जू आहे, जूला दोन्हीकडं ज्या उभ्या खुंट्या असतात त्या शिवळा नाहीत. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना गोळा दाखवून झाला आणि प्रत्येकाला शेवटी, "बाकी लई भारी केलंय, फक्त शिवळा राहिल्या."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन, पाणी गुलाबी व्हायलंय. मला वाटलं उजेडामुळं असेल. फोटो मागवला, तर खरंच गुलाबी, रोझ मिल्क नाही पण त्याच वळणाचं, आणि पांढरी रुई आता होळीतली वाटायला लागलेली. बैलांच्या पाठीवर लाल झूल होती, तिचा रंग सुटला होता. मी फोन केला, नाही उचलला. मेसेज केले. अकरा दिवस काही नाही. मग मी जे मेसेज लिहिलेत ते इथं टाकत नाही, माझीच मला लाज वाटते, पण 1,850 रुपये मोजलेत आणि बापाचं गिफ्ट आहे म्हटल्यावर माणूस बोलतं. शेवटी गोळा परत मागवून घेतला आणि सरळ जाऊन दारात उभी राहिले.

ताईंनी गोळा खिडकीपाशी नेऊन बघितला आणि एका वाक्यात सांगितलं, "माझी चूक आहे, झुलीवर वॉर्निश मारायचं राहिलं, तू घाई करत होतीस आणि मी पण केली." आता घाईत माझं नाव घालायची काय गरज होती, पण चूक मान्य केली हे खरं. दुरुस्त होत नाही म्हणाल्या, बूच काढायला गेलं की काच जाते. नवीन करून देते, पैसे नको. मी जाता जाता म्हटलं, ताई, शिवळा. त्यांना शिवळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, शहरातच वाढलेल्या. मी नानांना फोन लावून दिला. पंधरा मिनिटं बोलत होते दोघं. जू केवढं, शिवळ कुठल्या लाकडाची, तिला जुपणं कसं बांधतात, सापती कुठून कुठं जाते (बैल जूला बांधायच्या दोऱ्या-पट्टे हे). ताई लिहून घेत होत्या आणि नाना पलीकडून, काट्यावर पावती सांगावी तसे एकेक शब्द सुटा सुटा करून सांगत होते.

दुसरा गोळा मे महिन्यात आला, यावेळी सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधी (!). शिवळा आहेत. चार. भिंगातनं बघितल्या तर जुपण्यासकट. झूल यावेळी हिरवी आहे, पाणी अजून स्वच्छ आहे, तीन आठवडे झालेत, पुढं काही झालं तर इथंच खाली लिहीन.

किमतीचं म्हणाल तर तयार गोळे 600 पासून आहेत. ते मी घेणार नाही, पाणचक्की आणि एसटी सोडून, कारण मकबऱ्यावर बर्फ तर कुणीही पाडतं. तुमचं स्वतःचं काहीतरी पाडून घ्यायचं असेल तर 1,850 महाग नाही, मी ते हात चालताना बघितलेत. दोन महिने आधी सांगा आणि मनात तीन धरा. कसलाही रंग देऊ नका म्हणणार नाही पण लाल असेल तर वॉर्निश मारलं का ते तोंडावर विचारा. विमानानं कुणाला पाठवायचा असेल तर परदेशी जाताना हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर पाणी नेऊ देत नाहीत आणि हा पावणेतीनशेचा आहे, तो चेक-इन सामानात घालावा लागेल, नीट गुंडाळून.

रविवारी त्या लेकरांना शिकवतात पण, 750 रुपये, सामान त्यांचंच, काचेऐवजी झाकणाची बरणी. माझ्या भाचीला नेलं होतं. तिला विचारलं काय पडायला पाहिजे, तर ती म्हणाली डायनासोरवर शेव. पिवळ्या दोऱ्याचे तुकडे करून दिले ताईंनी, चेहऱ्यावरची रेष न हलवता. तीन तास कार्टी जागची उठली नाही, एवढ्यावरच 750 वसूल.

पाचपैकी चार. एक कापला तो फोन न उचलण्याचा. गुलाबी पाण्याचा कापला असता पण ते शिवळांत फिटलं.

खोक्यात एक छापील कार्ड येतं, ते मी वाचलं पण नव्हतं, नानांनी वाचलं. त्यात लिहिलंय की गोळा थेट उन्हात ठेवू नये, पाण्यानं भरलेली काच भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करते आणि पडदा-कागद पेटू शकतो. दुसऱ्या कुणी असं वाचून सोडून दिलं असतं. पण 38 वर्षं जिनिंगमध्ये काढलेला माणूस, जिथं खिशात काडेपेटी सापडली तरी त्या दिवसाचा रोज बुडायचा, त्याला आग या शब्दाचं काय वाटतं ते आम्हालाच माहीत. आई म्हणते, आमच्या बैठकीत चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन येतं ते टीव्हीच्या टेबलापर्यंत पोचतं. गोळा दुसरीकडं ठेवा म्हटलं तर ऐकत नाहीत, आल्यागेल्याला दिसला पाहिजे ना. मग पावणेचारला उठतात, डोक्यावरची टोपी काढतात, गोळ्यावर घालतात, आणि ऊन उतरेपर्यंत उघड्या डोक्यानं बसून राहतात.